आगीनंतरचं नाटकघर

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी लिही, पण सगळ्यांच्या असतात तशा नकोत." आठवणी रंगवून सांगणारे आपल्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा सरस असे पाच-सहा जण तरी आहेत. डबा, मार, रंकाळ्यावरची सहल हे सगळं त्यांच्याकडून येणारच. म्हणून मी इतिहासाचा निबंध लिहायचं ठरवलं. दहावीच्या सराव परीक्षेत इतिहासाच्या बाईंनी माझ्या पेपरवर लाल शाईने शेरा मारला होता : "सनावळ्या पाठ आहेत. कारणे कुठे आहेत?" पुढे मी इंजिनिअरिंगला गेले, कॉम्प्युटरच्या नोकरीला लागले आणि कारणं शोधणं हाच पोटापाण्याचा धंदा झाला. तेव्हा बाईंना तीस वर्षं उशिरा दिलेलं हे उत्तर समजा.

सुरुवात मात्र आपल्या गावातूनच करावी लागेल.

८ ऑगस्ट २०२४. कोल्हापुरात रात्र होती आणि इथे लीड्समध्ये ऑफिस सुटायची वेळ. बॅचच्या ग्रुपवर एकामागोमाग एक व्हिडिओ यायला लागले. नुकताच श्रावण लागला होता, भक्तिगीतं असतील म्हणून पहिला मी उघडलाच नाही. दुसरा उघडला. अंधार, त्यात नारिंगी उजेड, माणसांची धावपळ आणि मोबाइल धरणाऱ्याचा आवाज, "केशवराव गेलं रे." पुढचा अर्धा तास मी ऑफिसच्या जिन्यात बसून होते. शेजारून जाणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, घर नाही, थिएटर जळतंय. त्याला ते समजलं नसावं. तुम्हाला समजेल.

आपल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा अंगावर स्टेजचा उजेड घेतला तो केशवराव भोसले नाट्यगृहात. स्नेहसंमेलनासाठी शाळा ते भाड्याने घ्यायची. पाचवीत मी कोळीनृत्यात मागच्या रांगेत होते आणि आठवीत ऐतिहासिक नाटकात भालदार. मला एकच वाक्य होतं, तेही मी दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा म्हटलेलं मला स्वतःलाच ऐकू आलं नव्हतं. विंगेतला तो वास आठवतो? रंग, घाम, जुनं लाकूड आणि कुणाच्या तरी गजऱ्यातला मोगरा.

शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात हे नाट्यगृह बांधून घेतलं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. लगतचं खासबाग मैदान १९१२ चं. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, तेव्हा रोममध्ये पाहिलेल्या प्राचीन आखाड्यावरून त्यांना खासबागेची कल्पना सुचली असं सांगतात. पुढे १९५७ मध्ये नाट्यगृहाला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं. केशवराव कोल्हापूरचेच. ९ ऑगस्ट १८९० चा जन्म. 'ललितकलादर्श' त्यांनी १९०८ मध्ये, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत काढली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर मुंबईत 'संयुक्त मानापमान' केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. वय अवघं एकतीस. नाट्यगृह जळालं ते त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी जिथे हार घालायचा, तिथे लोक राखेपुढे उभे राहून रडत होते.

त्या शनिवारी घरात बसवेना, म्हणून मी लीड्सच्या बाजारपेठेत चालत गेले. तिथे काउंटी आर्केड नावाचा एक झाकलेला बाजार आहे. वर काचेचं कमानदार छप्पर, मध्ये घुमट, दोन्ही बाजूंना दुकानं, खांबांवर आणि भिंतींवर चकाकणाऱ्या भाजक्या मातीची फुलं-पानं. ती मातीही लीड्सचीच, बर्मनटॉफ्ट्स नावाच्या तिथल्या कुंभारकामाच्या कारखान्यातली. पंधरा वर्षं मी तिथून जात होते, ते खाली बघत, सेलच्या पाट्या वाचत. त्या दिवशी पहिल्यांदा वर बघितलं. सोमवारी ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "ते मॅचमचं काम. तो मूळचा थिएटरवाला. तुमचं थिएटर जळालं म्हणतेस ना? मग त्याची माहिती काढ. त्याचं निम्मं आयुष्य आगीशी भांडण्यात गेलं."

मी माहिती काढली. वर्षभर रजेच्या दिवशी गावोगाव फिरून त्याची थिएटरं पाहिली. नवरा म्हणाला, लोक काशी-रामेश्वर करतात, तू हे करतेस.

फ्रँक मॅचमचा जन्म २२ नोव्हेंबर १८५४ चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यातल्या न्यूटन ॲबट या लहानशा गावात. वडील दारूभट्टीत कारकून, पुढे व्यवस्थापक. पोरगा वास्तुशास्त्राच्या कुठल्या कॉलेजात गेला नाही. टॉर्की गावात जॉर्ज ब्रिजमन नावाच्या आर्किटेक्टकडे उमेदवारी केली, मग लंडनला येऊन जेथ्रो रॉबिन्सन या थिएटरं बांधणाऱ्याच्या हाताखाली लागला. १८७७ मध्ये रॉबिन्सनच्या मुलीशी लग्न केलं आणि पुढच्याच वर्षी सासरे वारले. तेविशीतल्या जावयाच्या गळ्यात अख्खी फर्म आणि अर्धवट राहिलेलं एक थिएटर पडलं. लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागातलं ते थिएटर त्याने १८७९ मध्ये पुरं केलं. तिथून पुढे चाळीस वर्षं हा माणूस थांबला नाही. नव्वदच्या वर थिएटरं त्याने नव्याने बांधली आणि आणखी ऐंशीच्या आसपास जुनी थिएटरं दुरुस्त केली, वाढवली किंवा आतून पार बदलली. नवं बांधणं आणि जुनं सावरणं हे त्याच्या लेखी दोन वेगळे धंदे नव्हतेच.

इतकी थिएटरं लागत होती तरी कुणाला? इथे बाईंचा प्रश्न येतो. कारण होतं गिरण्या. उत्तर इंग्लंडच्या कापड आणि लोखंडाच्या शहरांत कामगारांच्या हातात थोडा पैसा आला होता आणि शनिवारी दुपारी सुट्टी मिळू लागली होती. गाणीबजावणी, कसरती, नकला, जादू असा सरमिसळ कार्यक्रम आधी दारूच्या गुत्त्यांमागच्या खोल्यांत चालायचा. एडवर्ड मॉस आणि ऑस्वाल्ड स्टोल या दोन धंदेवाल्यांनी हेरलं, की हाच खेळ बायकामुलांना घेऊन येता येईल अशा झकास जागी ठेवला तर पैसा पावसासारखा पडेल. गावोगावी 'एम्पायर' नावाची थिएटरं उभी राहिली. त्यातली बरीचशी मॅचमची. आपल्याकडे गिरणगावात तमाशाचे फड आणि नंतर टॉकीज वाढल्या, त्यातला आणि ह्यातला सांधा मला पुन्हा पुन्हा जाणवत राहिला.

मॅचमचं डोकं इंजिनिअरचं होतं. त्याच्या आधीच्या थिएटरांत वरचे सज्जे खांबांवर उभे असत. खांबामागे बसलेल्याला नायिका दिसली तर नायक दिसायचा नाही. मॅचमने पोलादी तुळया मागच्या भिंतीत अडकवून पुढचं टोक मोकळं सोडलं, म्हणजे सज्जा हवेत पुढे आलेला आणि खाली खांबच नाही. आज हे कुठल्याही डिप्लोमाच्या पोराला येतं. तेव्हा शेकडो माणसं नाचत-टाळ्या पिटत बसलेला मजला असा लटकवायला छाती लागत असे. सज्जा पुढे आला म्हणून मागच्या स्वस्त तिकिटवाल्यालाही नट जवळ दिसू लागला. १९०४ च्या नाताळात उघडलेल्या लंडनच्या कोलिझिअममध्ये तर त्याने एकात एक अशी तीन वर्तुळं असलेला फिरता रंगमंच केला. तिथे आजही अडीच हजारांच्या आतबाहेर माणसं बसतात. तिसऱ्या मजल्यावर अगदी शेवटच्या रांगेत बसूनही माझ्यासमोर खांब नव्हता.

सजावटीच्या बाबतीत मात्र त्याने काही धरबंध ठेवला नाही. एकाच थिएटरात हत्तींची शिरं, मोगलाई घुमट, फ्रेंच नक्षी आणि ग्रीक देव्या. शिकलेसवरलेले आर्किटेक्ट त्याला नाक मुरडत. खरं सांगायचं तर त्यातलं काही मलाही गणेशोत्सवाच्या मंडपासारखं वाटलं. पण दिवसभर काजळीत राबून आलेल्या माणसाला सहा पेन्यांत दोन तास राजवाड्यात बसवायचं, हा त्यामागचा हिशोब होता. अर्थात राजवाड्यालाही मागचं दार होतंच. सर्वांत वरच्या गॅलरीवाल्यांचा रस्ता वेगळा, जिना वेगळा, बसायला नुसते बाक. पुढच्या दारातून शिरणारा साहेब आणि बोळातून शिरणारा हमाल यांची जिन्यात कुठेही गाठ पडणार नाही, अशी आखणी. मला ते खटकलं. नंतर कळलं, की याच वेगळ्या जिन्यांनी पुढे माणसं वाचवली. इतिहासात असं घडतं आणि तेव्हा नेमकं कशाला नावं ठेवायची ते कळत नाही.

आता आगीकडे येते.

एकोणिसाव्या शतकातलं थिएटर म्हणजे रचून ठेवलेलं सरण. लाकडी रंगमंच, वर दोरखंड, रंगवलेल्या कापडाचे पडदे आणि त्यांच्यामध्ये गॅसचे उघडे दिवे. ५ सप्टेंबर १८८७ ला डेव्हनमध्येच, एक्सेटर शहराच्या थिएटर रॉयलमध्ये रंगमंचावर आग लागली. थिएटर जेमतेम वर्षभराचं, तेव्हाच्या एका नामांकित थिएटर-आर्किटेक्टने बांधलेलं. खालचे लोक निसटले. गॅलरीवाल्यांना उतरायला धड एकच वाट होती आणि त्या वाटेवर एकमेकांवर पडून, धुरात घुसमटून १८६ माणसं गेली. त्याआधी चार वर्षं, १८८३ मध्ये सन्डरलँडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये आग नसतानाही १८३ मुलं चेंगरून मेली होती. खेळाच्या शेवटी स्टेजवरून खाऊ वाटायला लागले, तशी गॅलरीतली पोरं खाली धावली आणि जिन्याच्या तळाशी दार आतल्या बाजूला उघडणारं, तेही एकेक जण जाईल इतकंच सोडून कडी घातलेलं. आज मॉलच्या किंवा सिनेमाघराच्या मागच्या दाराला जो आडवा दांडा असतो, ढकलला की दार बाहेर उघडतं, त्याची जन्मकथा ही अशी आहे.

मॅचमने हे सगळं डोळ्यांसमोर ठेवलं. प्रत्येक मजल्याला स्वतःच्या वाटा आणि त्या थेट रस्त्यावर निघणाऱ्या. दोन जिने मध्येच एकमेकांत मिसळायचे नाहीत. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये जाड भिंत आणि त्या भिंतीतली एकमेव मोठी खिडकी, म्हणजे आपण ज्यातून नाटक बघतो ती चौकट, बंद करायला आग न धरणारा पडदा. इंग्रज नाटकवाले त्याला नुसतं 'लोखंड' म्हणतात. आग बहुधा रंगमंचाच्या बाजूला लागते. पडदा खाली आला की रंगमंच जळून जातो, पण प्रेक्षकांना मिनिटं मिळतात.

आमच्या धंद्यात प्रोग्राम लिहिताना सगळं सुरळीत चाललं तर काय होईल हे आधी लिहितात. बिघडलं तर काय, हे शेवटी, वेळ उरला तर. मीही कितीदा तसंच केलंय. मॅचमचे नकाशे पाहताना जाणवलं, की हा माणूस बाहेर पडायच्या वाटा आधी काढत होता आणि त्यांच्यामध्ये जागा उरेल तिथे थिएटर बसवत होता.

त्याची परीक्षा ९ मे १९११ ला झाली. एडिंबरोमध्ये त्याने १८९२ साली बांधलेलं एम्पायर पॅलेस थिएटर. ग्रेट लाफायेट हा त्या काळचा सर्वांत महागडा जादूगार. खेळ हाऊसफुल्ल, तीन हजारांच्या घरात माणसं. शेवटचा प्रयोग 'सिंहाची नवरी'. त्यात खराखुरा सिंह आणि खराखुरा घोडा. एक दिवा सजावटीवर पडला आणि कापडाने पेट घेतला. लोक टाळ्या वाजवत बसले, त्यांना वाटलं हाही जादूचाच भाग. तेवढ्यात लोखंडी पडदा खाली आला. वाद्यवृंदाच्या प्रमुखाने प्रसंग ओळखला आणि राष्ट्रगीत सुरू केलं. राष्ट्रगीत म्हणजे खेळ संपला, उठून उभं राहायचं आणि निघायचं, ही तिथली शिस्त. माणसं उठली आणि आपापल्या जिन्याने उतरली. अडीच मिनिटांत थिएटर रिकामं झालं असं सांगतात. प्रेक्षकांपैकी एकही दगावला नाही. पडद्यामागे मात्र लाफायेट आणि त्याच्या मंडळीतली अनेक माणसं गेली. आपली जादू कुणी चोरू नये म्हणून तो आतली दारं कुलूपबंद ठेवायचा, असं म्हणतात. मॅचमने काढलेल्या वाटा पडद्याच्या एका बाजूला उघड्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला कुणीतरी बंद करून ठेवल्या.

आज त्या जागी गेलात तर मॅचमचं काही दिसणार नाही. १९२८ मध्ये तिथे दुसऱ्या आर्किटेक्टांनी नवं थिएटर बांधलं आणि १९९४ मध्ये त्याला काचेचा दर्शनी भाग लावून फेस्टिव्हल थिएटर केलं. मी त्या काचेसमोर कॉफी पीत बसले होते. आपलं केशवराव असं काचेचं झालं तर, असा विचार आला आणि कॉफी गार झाली.

माझ्या दृष्टीने खरी शिकवणी झाली ती न्यूकॅसलमध्ये. तिथलं थिएटर रॉयल १८३७ चं. दर्शनी भाग भव्य दगडी, सहा उंच खांब, देवळासारखा. १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये 'मॅकबेथ'चा प्रयोग संपल्यावर रात्री आग लागली. ('मॅकबेथ' अपशकुनी म्हणून इंग्रज नट थिएटरात त्याचं नावही घेत नाहीत. आपण नारळ फोडतो, ते नाव गिळतात.) आतलं सगळं भस्म झालं, बाहेरचा दगड उभा राहिला. काम मॅचमकडे आलं. त्याने दर्शनी भागाला धक्का लावला नाही. पण आत जुन्याची नक्कलही केली नाही. नवं प्रेक्षागृह, नव्या वाटा, नवे सज्जे असं सगळं आपल्या पद्धतीने बसवलं आणि ३१ डिसेंबर १९०१ ला थिएटर पुन्हा उघडलं. पुढे शंभर वर्षांत त्यावर रंगांचे थर चढले, दिवे बदलले, खुर्च्या बदलल्या. २०११ मध्ये त्याचं मोठं पुनरुज्जीवन केलं, तेव्हा प्रश्न आला, मूळ म्हणजे कुठलं? १८३७ चं की १९०१ चं? त्यांनी १९०१ चं मॅचमचं रूप धरलं. आगीनंतर बांधलेलं थिएटरच आता 'मूळ' ठरलं होतं.

ब्लॅकपूलची गोष्ट ह्याच्या अगदी उलट. समुद्रकाठच्या त्या गावात मनोऱ्याच्या पायथ्याशी मॅचमने १८९९ मध्ये नाचाचा एक दिमाखदार दिवाणखाना केला, टॉवर बॉलरूम. डिसेंबर १९५६ मध्ये तो जळाला. लोकांनी ठरवलं, जसा होता तसाच हवा. दोन वर्षं लागली. मूळ कामावर पूर्वी हात फिरवलेले, निवृत्त होऊन घरी बसलेले कारागीर आणि आखणीकार पुन्हा कामावर आले. हे मला सगळ्यांत जास्त भावलं. आमच्याकडेही जुनी सिस्टीम बंद पडली आणि कागदोपत्री काहीच लिहिलेलं नसलं, की निवृत्त झालेल्या एखाद्या काकांना फोन करावा लागतो. ते चहा पितात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हां, ते असं का केलं होतं ते सांगतो."

लंडनच्या पूर्वेकडचं हॅकनी एम्पायर १९०१ चं. टीव्ही आल्यावर त्याचा आधी स्टुडिओ झाला, मग बिंगोचा अड्डा. बिंगो चालवणाऱ्या कंपनीने डोक्यावरचे घुमट उतरवले. इमारत संरक्षित यादीतली, त्यामुळे ते परत बसवायची पाळी आली आणि एवढा खर्च पेलेना म्हणून कंपनीने थिएटरच सोडलं. १९८६ मध्ये नाटकवाल्यांनी ते पुन्हा सुरू केलं आणि २००४ पर्यंत पुरी दुरुस्ती झाली. डर्बीशायरमधलं बक्स्टनचं ऑपेरा हाऊस १९०३ चं, तेही मधल्या काळात सिनेमाघर झालं, बंद पडलं आणि १९७९ मध्ये पुन्हा उभं राहिलं.

पण वाचली ती थोडी. मॅचमची बहुसंख्य थिएटरं बॉम्बने, आगीने आणि सर्वांत जास्त बिल्डरांनी खाल्ली. लीड्समध्ये त्याच्या आर्केडला लागूनच त्याचं एम्पायर थिएटर होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पाडलं. आपण दहावीला बसलो त्या १९९६ साली त्या जागी उंची कपड्यांचं दुकान उघडलं. मी त्या दुकानात एकदा स्कार्फ घेतला होता, तेव्हा पायाखाली काय होतं याचा पत्ताही नव्हता. पाडापाडी इतकी झाली, की अखेर १९७६ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून थिएटरांच्या रक्षणासाठी स्वतंत्र संस्था नेमावी लागली.

मॅचम स्वतः १७ मे १९२० ला गेला, समुद्रकाठच्या साउथएंडला. आयुष्यभर आग, धूर, चेंगराचेंगरी यांचा विचार केलेल्या माणसाला मरण आलं ते नखं फार खोलवर कापल्यामुळे रक्तात विष भिनून. हे वाचलं तेव्हा मी आधी हसले आणि मग कितीतरी वेळ आपली नखं बघत बसले.

आता परत कोल्हापूर. आपल्या आगीत छप्पर, रंगमंच आणि आतलं लाकूडकाम गेलं, दगडी भिंती उभ्या राहिल्या. म्हणजे न्यूकॅसलसारखंच. गावाने एकमुखाने मागणी केली, की नाट्यगृह होतं तसंच उभं राहायला हवं. सरकारने निधी जाहीर केला, काम सुरू झालं. म्हणजे मागणी ब्लॅकपूलसारखी. गेल्या मे महिन्यात आले होते, तेव्हा पत्र्याच्या आडोशाबाहेर उभी राहिले. वडापाववाल्याने विचारलं, "ताई, कुणाची वाट बघताय?" काय सांगणार?

ग्रुपवर यावरून आपल्यात वाद झाला तो आठवत असेल. कुणी म्हणालं नवं, एसीवालं, आधुनिक बांधा. कुणी म्हणालं एक खिळाही बदलायचा नाही. मी तेव्हा दुसऱ्या बाजूला होते. वर्षभर हिंडल्यावर माझं मत थोडं बदललंय. दिसायला ते जसं होतं तसंच हवं, यात मला शंका नाही. महाराजांनी उभं केलेलं, केशवरावांच्या नावाचं घर आहे ते. पण बाहेर पडायच्या वाटा, दारं कुठल्या बाजूला उघडतात, पडदा, वायरिंग, पाण्याची टाकी हे १९१५ चं नको. नुसती नक्षी परत आणली आणि या गोष्टी जुन्याच ठेवल्या, तर आपल्या नातवंडांना पुन्हा असाच व्हिडिओ बघावा लागेल. आणि स्नेहसंमेलनाच्या गर्दीत मागची दारं सायकली लावून अडवणारे आपणच होतो, हेही कबूल केलं पाहिजे. निदान मी तरी लावली होती.

'जसंच्या तसं' म्हणजे नेमकं कसं, हा प्रश्न उरतोच. नकाशे मापं सांगतात. चौकटीच्या कडेला लाकडावर काय होतं, बाल्कनीच्या कठड्याचा रंग कुठला, दिवे कुठे टांगले होते, हे फोटोत असतं. असे फोटो कुणाकडे असतात? नाट्यगृहाचे म्हणून मुद्दाम काढलेले थोडेच असतील. आपल्याकडे मात्र स्नेहसंमेलनांचे आहेत. गावातल्या प्रत्येक शाळेच्या, प्रत्येक घराच्या अल्बममध्ये आहेत. आपण ते इतकी वर्षं आपलेच चेहरे शोधत पाहिले, मागची भिंत कुणी पाहिलीच नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. मेळाव्याला येताना जुने अल्बम घेऊन या. आईच्या कपाटात, माळ्यावरच्या ट्रंकेत, शक्य झालं तर निगेटिव्हसकट. मी स्कॅनर आणणार आहे. प्रत्येक फोटोची नोंद साल, वर्ग आणि तो हॉलच्या कुठल्या भागाचा आहे एवढ्या माहितीसह करू आणि एक संच बांधकाम पाहणाऱ्यांच्या हवाली करू. शिपाईमामा आता थकले आहेत, पण दर वर्षी दिवे आणि पडदे सांभाळायला तेच जायचे. त्यांच्याजवळ बसून कुणीतरी हे सगळं विचारायला हवं आणि लिहून घ्यायला हवं. हे काम मी घेते.

माझ्याकडे एकच फोटो निघाला. १९९१, कोळीनृत्य. मी शेवटून दुसरी, टोपली डोक्यावरून घसरते आहे. डाव्या कोपऱ्यात, फोटोवाल्याच्या अंगठ्याच्या सावलीशेजारी, पडद्याची कड आणि रंगमंचाच्या चौकटीचा हातभर तुकडा दिसतो. तो मी मोठा करून पाहिलाय. अजून थोडा डावीकडचा भाग कुणाकडे असेल तर हवाय.